कॉलेज कितव्या नंबरावर, हे ठरवतं कोण?

फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी आपल्याच विद्यापीठाचे आकडे तपासायला घेतले. 'यू. एस. न्यूज अँड वर्ल्ड रिपोर्ट' या अमेरिकी प्रकाशनाच्या क्रमवारीत कोलंबिया तेव्हा देशात दुसऱ्या क्रमांकावर होतं. पदवीच्या ८२.५ टक्के वर्गांत २० पेक्षा कमी विद्यार्थी असतात, असं विद्यापीठाने कळवलं होतं. थॅडियस यांनी वर्गांची यादी घेऊन एकेक वर्ग मोजला, तेव्हा हा आकडा ६३ ते ६७ टक्क्यांच्या घरात निघाला. पुढे विद्यापीठाने चूक कबूल केली आणि स्वतःच सुधारलेला आकडा दिला, तो होता सुमारे ५७ टक्के. सप्टेंबरमध्ये नवी क्रमवारी आली आणि कोलंबिया एकदम अठराव्या क्रमांकावर गेलं.

खोट्या आकड्यांवर तेव्हा भरपूर बोललं गेलं. मला मात्र या प्रकरणात दुसरीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. त्या सात महिन्यांत तिथली एकही प्रयोगशाळा बंद पडली नाही, ग्रंथालयातलं एकही पुस्तक कमी झालं नाही, शिकवणारी माणसंही तीच राहिली. एखाद्या मुलीने 'दोन' पाहून तिथे अर्ज केला असेल आणि दुसरीने 'अठरा' पाहून विचार सोडून दिला असेल, तर दोघींना मिळू शकणारं शिक्षण एकच होतं. मग त्या नंबरात नेमकं काय होतं?

क्रमवारी बनते कशी, हे एकदा नीट पाहिलं की या प्रश्नाचं उत्तर सापडतं. पद्धत अगदी साधी आहे. आधी काही निकष ठरवायचे: शोधनिबंध किती, एका शिक्षकामागे विद्यार्थी किती, नोकरी किती जणांना लागली, बाहेर नाव कसं आहे. प्रत्येक निकषाला गुण द्यायचे. मग कोणत्या निकषाला किती महत्त्व द्यायचं, म्हणजे किती वेटेज, ते ठरवायचं. गुणाकार, बेरीज, आणि उतरत्या क्रमाने यादी. सगळी मेख त्या वेटेजमध्ये आहे.

कागद-पेन्सिल घेऊन करून बघा. दोन काल्पनिक कॉलेजं घेऊ. पहिल्याला संशोधनात ९०, अध्यापनात ५५ आणि नोकऱ्यांत ७० गुण आहेत. दुसऱ्याला संशोधनात ५०, अध्यापनात ८५ आणि नोकऱ्यांत ७५. आता संशोधनाला ६० टक्के आणि बाकी दोघांना २०-२० टक्के वेटेज द्या. पहिल्याचे होतात ७९, दुसऱ्याचे ६२. पहिलं कॉलेज कितीतरी पुढे. आता संशोधनाला २०, अध्यापनाला ५० आणि नोकऱ्यांना ३० टक्के द्या. पहिल्याचे झाले ६६.५, दुसऱ्याचे ७५. कॉलेजं तीच, गुण तेच, आणि यादी उलटी. दोन्ही वेळा गणित बरोबरच आहे. फक्त 'चांगलं कॉलेज म्हणजे काय' या प्रश्नाचं उत्तर दोन्ही वेळा वेगवेगळ्या माणसाने दिलं.

हे एकदा डोक्यात बसलं, की मोठमोठ्या क्रमवाऱ्यांकडे पाहायची नजर बदलते. शांघाय क्रमवारी २००३ साली सुरू झाली. चीनमधली विद्यापीठं जगातल्या नामांकित विद्यापीठांच्या तुलनेत कुठे आहेत, हे तिला मोजायचं होतं. तिच्यात माजी विद्यार्थ्यांना मिळालेल्या नोबेल आणि गणितातल्या फील्ड्स पुरस्कारांना १० टक्के वेटेज आहे, प्राध्यापकांना मिळालेल्या अशाच पुरस्कारांना २० टक्के, आणि 'नेचर' व 'सायन्स' या नियतकालिकांतल्या निबंधांना आणखी २०. वर्गात कसं शिकवतात, याला काहीच नाही. पुरस्कार कितीतरी दशकं जुने असले तरी, वेटेज कमी होत का होईना, ते मोजले जातात. त्यामुळे बर्लिनमधल्या दोन विद्यापीठांत आइनस्टाइनचं नोबेल कुणाच्या खात्यात धरायचं यावरून खराखुरा वाद झाला. आइनस्टाइन ज्या विद्यापीठात होते, त्याचा वारसा युद्धानंतर दोन्ही संस्था सांगत होत्या. संशोधनाची परंपरा मोजायची असेल तर या निकषांना अर्थ आहे. पण पहिल्या वर्षाच्या मुलाला कॅल्क्युलस कोण समजावून सांगणार आहे, याच्याशी त्या नोबेलचा काय संबंध?

क्यूएस या ब्रिटिश कंपनीच्या जागतिक क्रमवारीत बरीच वर्षं ४० टक्के वेटेज एकाच गोष्टीला होतं: इतर विद्यापीठांतल्या अभ्यासकांना विचारायचं, तुमच्या मते चांगली विद्यापीठं कोणती. म्हणजे नावलौकिक. अलीकडे तो ३० टक्क्यांवर आणला आहे, आणि कंपन्यांच्या मतांना आणखी १५ टक्के आहेत. एनआयआरएफ या भारत सरकारच्या क्रमवारीत, जिची पहिली यादी २०१६ मध्ये आली, विद्यापीठांसाठी हा लौकिकाचा भाग १० टक्के आहे. अध्यापन व साधनसामग्रीला ३० आणि संशोधनाला ३० टक्के आहेत. प्रत्येकाची मोजपट्टी निराळी, म्हणून एकच संस्था एका यादीत वर आणि दुसरीत बरीच खाली दिसते. त्यात कुणी लबाडी केली असेल असं नाही.

लौकिकाच्या निकषाचा एक घोळ मात्र सांगायलाच हवा. मत विचारलेल्या प्राध्यापकाने त्यातल्या बहुतेक संस्थांत पाऊलही टाकलेलं नसतं. मग तो मत कशावरून देणार? ऐकलेल्या नावावरून, आणि बऱ्याचदा गेल्या वर्षीच्या क्रमवारीवरूनच. जो वर आहे त्याचं नाव होतं, आणि नाव आहे म्हणून तो वर राहतो.

एकाच निकषाने निकाल किती वाकू शकतो, हे २०१० मध्ये दिसलं. टाइम्स हायर एज्युकेशन या ब्रिटिश नियतकालिकाच्या त्या वर्षीच्या यादीत इजिप्तमधलं अलेक्झांड्रिया विद्यापीठ अनपेक्षितपणे पहिल्या दोनशेत आलं, १४७ व्या क्रमांकावर. शोधनिबंधांचे उल्लेख इतरांकडून किती होतात, या एका निकषावर ते जगात चौथं होतं. शोध घेतला तेव्हा दिसलं, की हे गुण मुख्यतः एकाच लेखकाच्या निबंधांमुळे आले होते, आणि त्याचे बरेचसे निबंध तो स्वतः संपादक असलेल्या नियतकालिकातच छापून आले होते. एवढ्या मोठ्या विद्यापीठाचा जगातला क्रमांक एका माणसाच्या लेखनावर उभा होता.

आकडा हेच उद्दिष्ट झालं की तो आकडा बिघडतो. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये चलनपुरवठ्याबद्दल जे निरीक्षण मांडलं, ते आज याच अर्थाने सांगितलं जातं, आणि ते कॉलेजांना तंतोतंत लागू पडतं. यू. एस. न्यूज २० पेक्षा कमी विद्यार्थ्यांच्या वर्गांना जादा गुण देत असे. बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाने मग बऱ्याच वर्गांची मर्यादा १९ वर आणली. १९९६ मध्ये १६२ व्या क्रमांकावर असलेलं हे विद्यापीठ दहा वर्षांत पहिल्या शंभरात आलं. वर्ग लहान झाले हे विद्यार्थ्यांच्या दृष्टीने चांगलंच झालं. पण तो आकडा १९ का, १८ किंवा २२ का नाही, याला शिकण्याशी जोडलेलं कारण नाही.

हे नियमात बसणारं होतं. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलने तर कित्येक वर्षं खोटी माहिती पाठवली, आणि त्या जोरावर त्यांचा ऑनलाइन एमबीए सलग चार वर्षं पहिला आला. तिथल्या माजी डीनना मार्च २०२२ मध्ये १४ महिन्यांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. ज्या विद्यार्थ्यांनी तो 'पहिला नंबर' पाहून फी भरली, त्यांचं काय? माझा जीव तिथे अडकतो. अठरा-वीस वर्षांच्या मुलाकडे ही माहिती पडताळून पाहायचं कुठलंच साधन नसतं.

संस्थांनाही हे जाचायला लागलं आहे. ओरेगनमधल्या रीड कॉलेजने १९९५ मध्येच यू. एस. न्यूजला माहिती देणं बंद केलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये येल आणि हार्वर्डच्या लॉ स्कूल एकाच दिवशी त्याच क्रमवारीतून बाहेर पडल्या. लोकहिताच्या कामात जाणाऱ्या विद्यार्थ्यांना मदत केली की क्रमवारीत तोटा होतो, ही येलची मुख्य तक्रार होती. २०२० मध्ये सात आयआयटींनी पारदर्शकतेचा मुद्दा काढून टाइम्स हायर एज्युकेशनच्या यादीत भाग घेतला नाही. नेदरलँड्सचं उट्रेख्ट आणि स्वित्झर्लंडचं झुरिक विद्यापीठही त्या यादीतून बाहेर पडलं.

मग क्रमवाऱ्या फेकून द्यायच्या का? मला तसं वाटत नाही, आणि असं सांगणाऱ्यांशी माझा वाद आहे. ज्या घरात आधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, कुणाचा मामा प्राध्यापक नाही, त्या घरातल्या मुलीला ही यादी निदान सुरुवात करून देते. आपण कधी न ऐकलेली दहा नावं तिच्यामुळे कळतात. फसव्या, जाहिरातबाज संस्था गाळायला तिचा उपयोग होतो. शिवाय क्रमवाऱ्यांमुळेच संस्थांना काही आकडे उघड करावे लागले, जे त्यांनी आपणहून कधी दिले नसते. यादी वापरावी, पण चाळणीसारखी: पहिल्या पन्नासात की पाचशेत, एवढं तिला विचारावं. सत्तावीस बरा की चौतीस, हे तिला विचारू नये. यादीच्या मधल्या भागात संस्थांचे गुण इतके चिकटून असतात, की किरकोळ फरकाने पाच-दहा क्रमांक खालीवर होतात. टाइम्स हायर एज्युकेशन स्वतःच पहिल्या दोनशेनंतर नेमका क्रमांक न देता गट देतं. जर्मनीची सीएचई क्रमवारी तर क्रमांक लावतच नाही, प्रत्येक विषयात वरचा, मधला आणि खालचा असे गट पाडते. मला ती पद्धत सगळ्यांत प्रामाणिक वाटते.

'पण मोठ्या नावाच्या कॉलेजात गेलं की पुढे कमाई जास्त होते, हे तर खरं ना?' हा प्रश्न पालक हमखास विचारतात, आणि तो रास्त आहे. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये यावर फार हुशारीने केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. नामांकित कॉलेजातली मुलं जास्त कमावतात, हे दिसतंच. पण ती मुलं मुळातच हुशार आणि जिद्दी होती म्हणून कमावतात, की कॉलेजमुळे? हे वेगळं काढायला त्यांनी अशी मुलं घेतली, ज्यांनी सारख्याच कॉलेजांत अर्ज केले होते आणि ज्यांना प्रवेशही सारखेच मिळाले होते. त्यातली काही नामांकित कॉलेजात गेली, काही कमी नावाच्या. पुढे दोन्ही गटांच्या कमाईत फारसा फरक निघाला नाही. अपवाद होता तो गरीब घरातल्या मुलांचा. त्यांना नामांकित कॉलेजचा खरोखर फायदा झाला.

२०२३ मध्ये राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १२ अतिशय प्रतिष्ठित विद्यापीठांचा अभ्यास मांडला. सरासरी कमाईत मोठा फरक त्यांनाही दिसला नाही. पण अगदी वरच्या १ टक्का कमाईत पोचण्याची, किंवा नावाजलेल्या कंपनीत शिरण्याची शक्यता मात्र लक्षणीय वाढलेली दिसली. दोन्ही अभ्यास एकत्र ठेवले तर मला जे दिसतं ते असं: नावाची किंमत आहे, पण ती सगळ्यांना सारखी मिळत नाही. ज्याच्या घरात ओळखीपाळखी नाहीत, त्याला ते नाव दारं उघडून देतं. आणि काही क्षेत्रांत मोठ्या कंपन्या ठरावीक कॉलेजांतच येतात, तिथे जायचं असेल तर नाव पाहावं लागतं. बाकी बहुतेकांसाठी मूल कॉलेजात जाऊन काय करतं, हे जास्त मोलाचं ठरतं.

त्या 'काय करतं'बद्दलही थोडं ठाऊक आहे. गॅलप आणि पर्ड्यू विद्यापीठाने २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ३०,००० हून अधिक पदवीधरांना विचारलं. नोकरीत मन लागणं आणि एकूण आयुष्य बरं चाललेलं असणं, यांचा संबंध कॉलेज कोणत्या प्रकारचं होतं याच्याशी फारसा लागला नाही. लागला तो अनुभवांशी. आपली काळजी करणारे प्राध्यापक भेटले का? विषयाची गोडी लावणारं निदान एक तरी माणूस भेटलं का? आपल्या स्वप्नांना धीर देणारा कुणी मार्गदर्शक होता का? या तिन्हींना ठामपणे 'हो' म्हणणारे फक्त १४ टक्के होते. यातली एकही गोष्ट शांघाय किंवा क्यूएससारख्या क्रमवाऱ्यांत मोजली जात नाही.

म्हणून ओळखीची मुलं यादी घेऊन माझ्याकडे येतात, तेव्हा मी आधी विभाग बघायला सांगते. क्रमांक संस्थेचा असतो आणि तुम्ही शिकता एका विभागात. संस्थेचं नाव भौतिकशास्त्रामुळे झालेलं असेल आणि तुम्हाला हवा असलेला इतिहास विभाग तात्पुरत्या नेमणुकांवर चालला असेल, तर ते नाव तुमच्या काय कामाचं? विभागाच्या वेबसाइटवर शिक्षकांची यादी असते. त्यातले कायम किती, पहिल्या वर्षाला कोण शिकवतं, हे विचारा.

जमलं तर एक फेरी मारा, पण उद्घाटनाच्या किंवा प्रदर्शनाच्या दिवशी नको. कामाच्या साध्या दिवशी, दुपारी दोन-अडीचच्या सुमाराला जा. नोटीस बोर्डासमोर उभं राहा. त्यावरचा सगळ्यांत ताजा कागद कोणत्या तारखेचा आहे? चर्चासत्राचा, की फक्त परीक्षा-फीचा? लॅबमध्ये डोकावा. यंत्रांवर प्लास्टिकचं आवरण आहे की कुणाच्या हाताचे डाग? शिक्षकांच्या खोलीबाहेर कुणी विद्यार्थी उभा आहे का, आणि असेल तर तो सहीसाठी थांबलाय की काही विचारायला? ग्रंथालयात खुर्च्या भरलेल्या आहेत का? अर्ध्या तासात जे कळतं, ते माहितीपुस्तिकेच्या चाळीस रंगीत पानांत सापडत नाही.

नोकऱ्यांच्या आकड्यांकडे विशेष सावधपणे बघा. समजा दहा विद्यार्थी आहेत. नऊ जणांना वर्षाला प्रत्येकी ४ लाख मिळाले आणि एकाला ६४ लाख. बेरीज १०० लाख, म्हणून सरासरी १० लाख. जाहिरातीत '१० लाखांचं सरासरी पॅकेज' असं छापलं तर ते खोटं ठरत नाही, पण दहापैकी एकालाही १० लाख मिळालेले नाहीत. म्हणून मध्यक विचारा, म्हणजे सगळ्यांना ओळीत उभं केलं तर बरोबर मधल्याला किती मिळाले ते. आणि त्याच्याही आधी विचारा, की हा हिशेब किती जणांचा आहे. नोकरीसाठी नाव नोंदवलेल्यांचा, की वर्गातल्या सगळ्यांचा? तुमच्या शाखेचा, की सगळ्या शाखा मिळून?

याहून महत्त्वाचा, आणि क्वचितच विचारला जाणारा आकडा म्हणजे प्रवेश घेतलेल्या शंभरांपैकी किती जण वेळेत पदवी घेऊन बाहेर पडतात. अर्धवट सुटलेल्या शिक्षणाइतकं महाग काहीच नसतं. फी गेलेली असते, वर्षं गेलेली असतात, कर्ज डोक्यावर असतं आणि हातात कागद नसतो. ज्या कॉलेजात मुलं मधेच गळतात, तिथे ती का गळतात हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कर्जाचंही तसंच. एकूण खर्च मांडताना फीबरोबर राहणं, प्रवास, पुस्तकं आणि लांबलेलं एखादं सेमिस्टर धरा. मग मध्यक पगारातून हप्ता जाऊन किती उरतं, ते काढा. दहा क्रमांक वरच्या कॉलेजसाठी दुप्पट कर्ज काढायचं का, याचं उत्तर बहुतेकदा त्या वजाबाकीतच दिसतं. आवडत नसलेली नोकरी केवळ हप्त्यासाठी धरून ठेवलेली माणसं मी पाहिली आहेत. अठराव्या वर्षी सही करताना कुणी त्यांच्याबरोबर ही वजाबाकी केली नव्हती.

घरापासूनचं अंतर, तब्येत, राहायची सोय, एकटं राहायची तयारी, या गोष्टी बोलताना मुलं ओशाळतात, जणू त्या विचारात घेणं म्हणजे कमकुवतपणा. तसं अजिबात नाही. आजारी आईजवळ राहायचं म्हणून दुसऱ्या पसंतीचं कॉलेज निवडणं हाही पूर्ण विचार करून घेतलेला निर्णय असतो. आणि आपल्याला नेमकं काय शिकायचं आहे हे अजून पक्कं नसेल, तर शाखा किंवा विषय बदलायची मुभा कुठे आहे, याला भरपूर वेटेज द्या.

शेवटी त्या कागद-पेन्सिलीकडेच परत या. निकष तुमचे लिहा, चार-पाचच. यादी उघडायच्या आधी त्यांना शंभरापैकी वेटेज द्या, कारण यादी पाहून झाली की हात आपोआप वरच्या नावाकडे झुकतो. मूल आणि पालक यांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहा आणि मग कागद शेजारी ठेवा. आईच्या कागदावर नोकरीला ६० आणि मुलाच्या कागदावर विषयाला ६० असेल, तर भांडण कॉलेजवरून नाहीच, हे तिथेच दिसतं, आणि बोलणं खऱ्या मुद्द्यावर येतं. मग गुण भरा. जो गुण भरता येत नाही, त्या चौकटीत प्रश्नचिन्ह घाला. ती प्रश्नचिन्हं घेऊन त्या कॉलेजातल्या दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठा. पहिल्या वर्षाचा अजून नवलाईत असतो आणि शेवटच्या वर्षाचा निघायच्या घाईत. त्याला 'कॉलेज कसं आहे?' असं विचारू नका, सगळे 'चांगलं आहे' म्हणतात. विचारा, 'गेल्या महिन्यात तुला एखादी गोष्ट समजली नाही, तेव्हा तू कुणाकडे गेलास?' आणि त्याला उत्तर द्यायला किती वेळ लागतो, ते बघा.